सोडलेली दोरी

सोमवार, १० फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,

अनेक आशीर्वाद. एवढी मोठी झालीस तरी लिहायला बसलं की हेच नाव येतं, रागावू नकोस. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. आईला सांग, कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकलो. भात मात्र अजून दाद देत नाही. ती तुला घेऊन तिकडे राहायला गेली त्याला आठ महिने झाले. तिची झाडं जिवंत आहेत, एक सोडून.

काल आपली दरवर्षीची मासेमारीची बोट होती. सवयीने चौघांची सांगून ठेवली होती. दादाने आदल्या दिवशी फोन केला, काम निघालं म्हणाला. तुम्हा दोघींना विचारायची माझी छाती झाली नाही. धक्क्यावर कप्तानाने बाकीच्यांची चौकशी केली तेव्हा मी थाप मारली, सर्दीने आडवे झालेत म्हणालो. तिघंही एकदम कसे, असं त्याने विचारलं नाही. तीन जाकिटं तेवढी परत खुंटीला अडकवली.

किनारा दिसेनासा झाल्यावर मी बोलायला लागलो. धरणं झाली, युद्धं झाली, निवडणुका झाल्या. तो आमिष कापत हूं हूं करत होता. हजारांच्या सभेत कधी न बसलेला माझा आवाज त्या एका माणसापुढे बसला. मग नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं.

दुपारी त्याने गेल्या वर्षीच्या माशाची आठवण काढली. त्याच्या बोटीवरचा नियम तुला माहीत आहे. एकाच्या गळाला मोठा मासा लागला की बाकीच्यांनी दोऱ्या गुंडाळायच्या आणि अगदी गप्प राहायचं. त्या दिवशी तू माझ्याजवळ येऊन बसलीस, बोलायला लागलीस आणि माझी गळाची काठी वाकली. पाऊण तास तुम्ही सगळे मुकाट उभे होतात. मासा बोटीत आल्यावर मी त्याच्यावर भाषण ठोकलं. तू परत विषय काढला नाहीस. मला त्या वेळी काही ऐकूच आलं नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आईलाही.

"साहेब, एक विचारू?" कप्तान म्हणाला. "तो मासा दहा मिनिटांत दमला होता. तुम्ही पुन्हा पुन्हा दोरी का सोडत होतात?"

मी म्हणालो, परत फिरव. त्याने बोट वळवली. 

ठमे, मला ऐकू आलं होतं. "बाबा, तो मला मारतो. मला घरी यायचंय." वारा होता, तरी शब्द न् शब्द आला. मासा जवळ आला की मी दोरी सोडायचो. तो वर आला असता तर मला तुझ्याकडे वळून बघावं लागलं असतं. तुझा नवरा माझ्या मित्राचा मुलगा. तुमचं लग्न मी जुळवलं, गावोगावच्या व्यासपीठांवर आदर्श म्हणून मिरवलं. बाईवर हात उगारणाऱ्यांना जन्मभर झोडपत आलो, आणि पोटच्या पोरीच्या दोन वाक्यांना घाबरलो. त्यानंतर तू आणखी चार महिने त्या घरात काढलेस. ते चार महिने त्याच्याइतकेच माझेही आहेत. शेवटी तू आईला सांगितलंस. तिने एका दुपारी तुला बाहेर काढलं. तिला भाषण करता येत नाही.

माफी मागत नाही. माफीसुद्धा मी सुरेख मागेन, याचीच भीती वाटते.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. तुमच्या इमारतीसमोर बाक आहे म्हणे. दुपारपर्यंत तिथे बसेन. वर येणार नाही, बेल वाजवणार नाही. वाटलं तर खाली ये आणि पुढचं सांग, कितीही वेळ लागू दे. आली नाहीस तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. आणि येऊच नका असं कळवलंस, तर तेही ऐकेन.

तुझं सगळं ऐकू आलेला,
बाबा