मशीन बदलू नये, असं माझं मत

३ जानेवारी १९९४
आलं, शेवटी माझ्याच हातात आलं! शेतकी अधिकारी दिनकररावांना ऊस-नोंदणीच्या खोलीत नवं मशीन हवंय — ४८६ कॉम्प्युटर, वर विंडोज. मोठे साहेब म्हणाले, "जुनं मशीन तुमीच चालवता. घ्यावं का न्हाई, लेखी मत द्या." सहा वर्षं या कारखान्यात बटणं बडवली, पहिल्यांदा कुणी मत विचारलं. आणि तेही कुणाच्या मागणीवर!

४ जानेवारी
विसरलेलो नाही. गेल्या मे महिन्यात माझा दादा, सटवाजी, पोखर्णीहून दिनकररावांच्या टेबलापुढं आला. ऊस उभ्यानं वाळलेला, तोड नाही. सगळ्यांदेखत काय म्हणाले? "यादीत तर तुमचा ऊस तुटलाय! एकच फड दोनदा घालायलाव का?" लोक हसले. दादानं घरी जाऊन फड पेटवून दिला. तेव्हापासून इकडं फिरकला नाही.
यादीत गडबड त्यांनीच केली, दुसरं कोण? नोंद तर मी स्वतः घातली होती. नोंदणीच्या दिवशी दादा सकाळीच आलेला. मशीन सुरू केलं आणि पहिलं नाव त्याचंच!

८ जानेवारी
कंपनीचा माणूस नवं मशीन दाखवायला आला. खरं लिहायचं तर — झकास आहे. जी यादी लावायला जुन्याला माझा चहा होईपर्यंत वेळ लागतो, ती हे चुटकीसरशी लावतं. घड्याळही चालू. आमच्याचं कधीच बंद पडलंय. रोज सकाळी तारीख हातानं टाका, नाहीतर १९८० साल धरून बसतं. त्यात काय! मी टाकतोच.
दिनकरराव नव्या मशीनवरून हात फिरवत होते. फिरवा, फिरवा!

१० जानेवारी
मत लिहिलं. तीनदा लिहिलं, लय गोड लागलं. "जुनं मशीन पुरेसं आहे. दीड वर्षापेक्षा जुन्या नोंदी तुटलेल्या धरून ते आपणच गाळतं. दोष मशीनमध्ये नाही, यादी हाताळणाऱ्यात आहे. मशीन नको, माणूस बदला." शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली. कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवला. दादाला निरोप धाडला — ये, बघायला ये!

१२ जानेवारी
हिनं विचारलं, "तुमी बघितलं व्हतं का त्यास्नी यादीत हात घालताना?" बघायला कशाला लागतं!

१५ जानेवारी
काल विद्यापीठाचं नामांतर झालं. गडबडीच्या भीतीनं एसटी बंद. कंपनीचा माणूस अडकलाय, नवं मशीनही इथंच. म्हटलं, पुरावाच काढू हिच्यासाठी. गेल्या हंगामाच्या सगळ्या नोंदी त्यावर उघडल्या, गाळलेल्यासुद्धा.
दादाचं नाव आहे. कुणी हात लावलेला नाही. पुढं तारीख — १-१-८०.
त्या सकाळी तारीख टाकायच्या आधीच मी त्याची नोंद घातली. घाई केली, भाऊ म्हणून. मशीननं ऊस तेरा वर्षं जुना धरला, तुटलेला धरला.
मीच.

१८ जानेवारी
साहेबांचा शेरा आला — "मान्य. माणसाचं नाव कळवा."
दादा आलाय. बाहेर बाकावर बसलाय, नाव ऐकायला.