आन् मग?

शिरूर, गुरुवार

प्रिय खुर्शिद,

तक्रार गंभीर आहे. तुझी मालिका सुरू झाल्यापासून गुरुवारी आमच्याकडं जाहिरात लागल्याशिवाय भाकरी तव्यावर पडत नाही.

सिनेमात तू रिक्षावाला झालास आणि नुसतं "आन् मग?" विचारून अख्खं थेटर लोळवलंस. दौंडच्या आपल्या नाटकात हेच वाक्य माझं होतं, तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या विनोदी लेखांना बायको कधी हसत नाही. तुला मात्र हर्षदा डोळे पुसत हसली. मी ओठ आवळून बसलो.

मग त्याच रिक्षावाल्याची मालिका निघाली. चॅनेलवाल्यांनी तुझी भाषा धुऊन "आणि मग?" करून टाकली. हर्षदा म्हणाली, "ह्यो आपला खुर्शिद न्हाई." त्या दिवशी उशिराची भाकरीही मला गोड लागली.

आज मालिका गुंडाळली. शेवटच्या भागात सगळे निरोप घेत असताना तू रिक्षातून मान बाहेर काढून हळूच विचारलंस, "आन् मग?"

थेटरात आवळलेलं हसू तुझं देणं होतं. आज फिटलं.

"आवं, जाहिरात लागली की!" हर्षदा तवा ठेवत म्हणाली. "आता कशाला हसताय?"

हे पत्र टाकणार नाही. उगाच चढशील.

अजूनही जळणारा,
शंभू