डॅशबोर्डचा बंद कप्पा

हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया,
शुक्रवार, दुपार

प्रिय सुधा,

दापोलीहून तू पाठवलेले फोटो बघितले. जांभ्याच्या पायऱ्यांवर बसून तू आमसुलं वाळवते आहेस, आणि चेहरा अजून तोच, सिस्टरांनी वर्गाबाहेर काढल्यावरचा. उत्तर दिलं नाही, कारण जे लिहायचंय ते फोनवर बोटाने टाइप होण्यासारखं नव्हतं. चंद्रशेखर बरे आहेत. हॉस्पिटलने त्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणखी एक वर्ष वाढवून दिलंय. आणि मी साठीला आल्यावर लायसन्स काढून गाडी चालवते, हे तुला माहीतच आहे. गाडीत एकटी असले की जुनी गाणी लावून मोठ्याने गायचे. ऐकायला कोणी नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात गाडीचा स्टिरिओ बिघडला. गाडीला हिसका बसला की आवाज बंद, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली. इथल्या गॅरेजांच्या वस्तीत जलालचं वर्कशॉप आहे. तिथे इसहाक नावाचा इलेक्ट्रिशियन होता. माझं हिंदी ऐकून तो हसला आणि म्हणाला, बाई, मराठीतच बोला, मी हर्णैचा. त्याच्यासमोर स्टिरिओ अगदी शहाण्यासारखा वाजायला लागला, तेव्हा म्हणाला, डॉक्टरांच्या घरचा आहे ना, तपासायला माणूस आला की ह्याचा ताप उतरतो. किती दिवसांनी मी बाहेरच्या माणसाशी मराठीत हसले होते, सुधा.

गाडी बंद करून त्याने बॅटरीला मीटर लावला आणि एकेक फ्यूज काढत गेला. रेडिओचा फ्यूज काढल्याबरोबर मीटरवरचा आकडा खाली आला. म्हणाला, गाडी झोपली तरी रेडिओच्या तारेवर काहीतरी जागं राहतंय, कोणी काही जोडलंय का? मी म्हटलं, नाही. हा समोरचा कप्पा उघडून बघू? मी म्हटलं, त्यात आमचे कागद आहेत, किल्ली साहेबांकडे असते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

त्या कप्प्यात आमचा बोटभर गणपती आहे. इथे मूर्ती उघड ठेवायला बंदी, म्हणून आपण देव कपाटात आणि कप्प्यातच ठेवतो. गाडी घेतली तेव्हा चंद्रशेखरांनी मूर्तीजवळ एक लाल दिवा बसवला आणि त्याची तार स्वतःच स्टिरिओमागे जोडली. एवढ्याशा दिव्याने काय होणार, असं मी मनाला समजावलं. इसहाकने स्टिरिओ बदलला, तारा साफ केल्या. तीन वेळा गाडी बघितली, तिन्ही वेळा त्या कप्प्याचं विचारलं. शेवटी म्हणाला, बाई, मी डोळे मिटून नुसती मागची तार चाचपतो. मी त्याच्यावर ओरडले.

पुढच्याच आठवड्यात रियाधच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर गाडी बंद पडली. त्या उन्हात चंद्रशेखरांची साखर उतरली. संध्याकाळी घरी आल्यावर मी जलालला पत्र लिहिलं. कॉन्व्हेंटच्या नेटक्या इंग्रजीत लिहिलं, की हा माणूस कामात कच्चा आहे, आणि लोकांच्या बंद कप्प्यांकडे त्याची नजर असते. जलालने ते कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर इसहाकचा व्हिसा होता त्या मालकाला, दाखवलं. पंधरा दिवसांत इसहाकला फायनल एक्झिट देऊन कायमचं गावी परत पाठवलं.

चतुर्थीला मूर्ती पुसायला मी कप्पा उघडला. गाडी रात्रभर बंद होती आणि दिवा जळत होता. बिजागरीशी तार घासून तिचं तांबं उघडं पडलं होतं. मी ती काढून टाकली. तेव्हापासून चंद्रशेखर लावतात तेव्हा स्टिरिओ एकदाही अडलेला नाही, पण मी तो लावत नाही.

आठवतं, मेरी आणि फिलोमिना चॅपलमध्ये कन्फेशनला जायच्या आणि आपण दोघी बाहेर थांबायचो? पाच मिनिटांत हलक्या होऊन बाहेर यायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. तार काढल्यावर मी जलालकडे जाऊन सगळं सांगितलं, मूर्तीचंही. तो म्हणाला, मॅडम, हिंदू लोकांच्या गाडीत काय असतं ते आमच्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे. कोणी बोलत नाही. इसहाकलाही ठाऊक असणार.

कफील म्हणतो, तो यायला तयार असेल तर नवा व्हिसा काढतो. पण इसहाक माझा फोन उचलत नाही, आणि त्याने तो का उचलावा? हर्णै तुझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू जा, आणि त्याच्या बायकोसमोर, इस्मतसमोर, हे पत्र त्याला वाचून दाखव. तिलाही नवरा चोर नव्हता हे माझ्याच शब्दांत कळू दे. माझी बाजू सावरून घेऊ नकोस. तो विचारेल, बाईंनी कप्पा का उघडला नाही? चंद्रशेखरांना मी सांगितलं की पोलिसांची भीती वाटली. जलाललाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. त्याच्या जागी आपल्यातला कोणी रणजित असता, तर मी पर्समधून किल्ली काढून त्याच्या हातात दिली असती. हे त्याला सांग, आणि मग व्हिसाचं विचार.

तुझीच, आणि तुलाही तोंड दाखवायला लाजणारी,
अनुराधा