शिट्टी थांबेपर्यंत

१२ ऑक्टोबर
आलो एकदाचे! कॅनडातल्या लुनेनबर्ग गावाजवळचं हे घर आमचं झालं. लॉर्नने हौसेने मला उचलून आत न्यायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून पायरीवरच बसला. बायकोचं वजन विसरलास का, म्हणून मी हसून घेतलं. जेवायला खारवलेली हेरिंग मासळी आणि बटाटे. अडचण एकच, घर तापवायच्या तेलाची अंगणात पुरलेली जुनी टाकी. ती उपसून, वरून कापून, आतला गाळ खरवडून वाळूने भरल्याशिवाय विमावाले घराला हात लावत नाहीत.

१४ ऑक्टोबर
टाकीवाला वेंट्झेल आला. म्हातारा तोंडाळ आहे. आम्हा शहरी लोकांना बटण दाबलं की ऊब येते एवढंच ठाऊक, म्हणाला. तळघरात नवी टाकी बसवून तेलही भरलं. तेल आत जाताना हवा बाहेर पडते आणि नळी शिट्टी वाजवते. शिट्टी थांबली की टाकी भरली. जुन्या टाकीची तळघरात नव्या टाकीपाशी येणारी नळी त्याने तशीच ठेवलीय. वाळू पडली की कापतो म्हणाला.

१६ ऑक्टोबर
जुनी टाकी उपसून कोरडी केली. दुपारी तिची शिट्टी वाजली. कोणी काही ओतत नव्हतं. तूच वाजवत असशील, म्हणून लॉर्नने मला चिडवलं. वेंट्झेल हसला नाही. त्याने मापाची काठी आत सोडली. वर आली ती अर्धीच, टोक चावलेलं. मला भीती वाटतेय.

१७ ऑक्टोबर
वेंट्झेलने वरचा पत्रा कापला आणि खरवडायला हात आत घातला. कोपराखालचा हात परत आलाच नाही. रक्त सफरचंदाच्या झाडापर्यंत उडालं. रुग्णवाहिकेत चढवताना ओरडत होता, भरा तिला, शिट्टी थांबेपर्यंत भरा! वर एवढं मोठं भोक, तरी शिट्टी वाजतच होती.

१८ ऑक्टोबर
दोघं वाळू ओतत होतो. लॉर्न काठावर वाकला आणि— आत. हाडं मोडल्याचा आवाज. मग काठावर दोन हात. एक लॉर्नचा, अंगठीचा. दुसरा वेंट्झेलचा.
मी फावडं घातलं. दोन्हींवर. लॉर्न माझं नाव घेत होता. तरी ओतत राहिले. शिट्टी थांबेपर्यंत.

१९
नळी. नळी कापायची राहिली.
तळघरातली टाकी वाजतेय. तेलवाला आलेला नाही— फोन केला, पोलीस निघालेत म्हणे—
पत्र्यावर आतून टकटक. अंगठीची. लॉर्न, माफ कर, मी तुला ओढायचं सोडून—
शिट्टी थांबली.
झाकण आतून उघड—