एम.ए.साठी केलेली फोनाफोनी

प्रिय वन्सं,

चिडू नकोस. कॉलेजातली मैत्रीण तुला वन्सं म्हणते, हे तुझ्याच करणीचं फळ आहे. आपला भाऊ माझ्या गळ्यात तूच बांधलास. तो मजेत आहे. वजन सोडलं तर त्याचं सगळं आटोक्यात आहे.

बातमी अशी की मी घरी बसून, टपालानं आणि संगणकावर, एम.ए. करायचं म्हणतेय. या वयात! घरात हे कळलं आणि सगळ्यांना सल्ल्याचा पान्हा फुटला. तुझ्या भावाच्या मते मी व्यवस्थापन शिकावं, म्हणजे दवाखान्यात बढती मिळेल. तुझी भाची मानसशास्त्रावर अडून बसली आहे. या घराला त्याची सक्त गरज आहे म्हणे. मला मात्र इतिहासच हवा होता, आपण अर्धवट टाकलेला. मी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि इतिहास घ्यायचं पक्कं केलं.

विषय ठरला, पण विद्यापीठ कुठलं? माहितीपत्रकं सगळी सारखीच गोडगोड, प्रत्येकावर हिरवळीत लॅपटॉप घेऊन बसलेली एक हसरी मुलगी. शेवटी म्हटलं, आपण दिवसभर लोकांना कानाची यंत्रं बसवून देतो, तर कानांवरच भरवसा ठेवावा. सगळीकडे फोन लावत सुटले. एकीकडे मशीनच बोलत होतं, आकडे दाबून बोट दुखलं. दुसरीकडच्या मुलाला फी तोंडपाठ, पण अभ्यासक्रमाचं विचारलं की पुन्हा फीच सांगायचा. तिसरीकडे एका बाईंनी फोन उचलला आणि तिथे माझी सवय नडली. दवाखान्यात बोलते तशीच मी एकेक शब्द सुटा करून, खणखणीत आवाजात विचारायला लागले. बाईंना वाटलं, मलाच कमी ऐकू येतं. मग त्याही बेंबीच्या देठापासून ओरडायला लागल्या. त्या ओरडल्या म्हणून मी आणखी ओरडले. तुझा भाऊ दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. त्याला वाटलं, भांडण जुंपलं.

मी खुलासा करणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या की अजिबात काळजी करू नका. आमच्याकडे प्रत्येक व्याख्यानाचा शब्दन् शब्द पडद्यावर खाली उमटतो, शिवाय छापील मजकूर घरी येतो. शंका लिहून विचारायच्या, सर उत्तरही लिहूनच देतात. तोंडी परीक्षासुद्धा लेखी देता येते. वन्सं, माझा खुलासा तोंडातच राहिला. मी खुर्ची ओढून बसले आणि आणखी प्रश्न विचारले, तसेच ओरडून. फोन ठेवला तेव्हा घसा बसला होता, पण मनात इतकं छान वाटत होतं की काही विचारू नकोस.

कारण मी ते सगळं तुझ्यासाठी विचारत होते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी तू मला घेऊन एकेक बाक पुढे सरकत होतीस. पहिल्या बाकावर पोचलो, आणि त्यानंतर काही दिवसांनी तू यायचीच थांबलीस. कंटाळा आला, असं घरी सांगितलंस. तुला आणि इतिहासाचा कंटाळा! कानांचं तू कुणाला कळू दिलं नाहीस, मलासुद्धा फार उशिरा कळलं. मी बसवून दिलेलं यंत्र घरातल्या घरात बरं चालतं, पण गर्दीत आणि फोनवर दगा देतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तू फोन उचलत नाहीस आणि मी पत्रं लिहिते. सोबत दोन अर्ज आहेत, दोन्ही कोरे. माझाही मी अजून भरलेला नाही. तू गेल्यावर त्या वर्गात मला बसवलं नाही, आणि आताही तुझ्याशिवाय बसवणार नाही. हो म्हणायचं असेल तर दोन्ही अर्ज तुझ्या सुरेख अक्षरात भरून पाठव. नाही म्हणायचं असेल, तर मात्र इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण.

तुझीच,
तू करून घेतलेली वहिनी