उलटा बसलेला पंखा

गुरुवार, संध्याकाळ, मे २००४

आत्ता कुठे जीवात जीव आला. दोन दिवस कॉम्प्युटर तापायचा आणि दहा मिनिटांत आपोआप बंद. उद्या शुक्रवार, हे मस्कतहून त्याच्यावरच बोलतात. छकुली बापाला नुसत्या आवाजाने ओळखते. तोच बंद पडला तर?

चूक माझीच. धूळ बसली म्हणून डब्याचा मागचा पंखा काढून पुसला, आणि परत लावताना वारा आत जाईल असा लावला. घरातला पंखा आपल्यावरच वारा घालतो ना?

शेजारचे रेडिओ दुरुस्तीवाले काका आले. मागे हात धरून बघितला. "अगो, पुढचा पंखा वारा आत घेतो, मागच्याने गरम वारा बाहेर टाकायचा. तू दोन्हीकडनं आत कोंडलास. चुलीचा धूर कोंडून ठेवतेस काय?"

"काका, जळला नाही ना?"

"जळल्याचा वास आला असता. मला तर तुझ्या बांगड्याच्या कालवणाचाच येतोय."

काकांनी पंखा फिरवून लावला. कॉम्प्युटर तासभर चालू ठेवला, बंद पडला नाही. मी मागे हात धरला, गरम वारा लागला. खात्री म्हणून परत धरला.

मीच बिघडवलेला, हे यांना सांगू काय? सांगेन. पण आधी छकुलीला बोलू दे.