बिनचवीचा डबा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केलेला, आणि वाकल्यावर कशालाही न धरता परत सरळ झालेला. (हे नीट वाच. सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का, की अजून मुक्कामाला आहे? शाळेतून निवृत्त झालीस तरी सकाळी शिट्टी घेऊन शेजारच्या मुलांना पळवतेस असं कानावर आलं. त्या मुलांबद्दल मला सहानुभूती आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू कवायतीच्या बाई असतेस आणि मी रांगेत शेवटचा. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, केवळ या सोयीसाठी कागद घेऊन बसलो आहे.

न्यूमोनियानंतर दवाखान्यातून घरी आलो तेव्हाचा माझा अवतार तू पाहिलाच होतास. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत फिरून यायचं. जन्मभर बेकरीत पीठ मळून कमावलेले दंड कुठे गेले ते कळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगातलं मांस गेलंय, प्रोटीन वाढवा, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता आलं तरच भट्टीपाशी जायचं. नाहीतर भट्टी कायमची मेहुण्याकडे (म्हणजे तुझ्या भावजयीच्या भावाकडे, जो मी आजारी पडल्यापासून ती सांभाळतोय) आणि मी गल्ल्यावर. ताई, मी गल्ल्यावर बसून पाहिलं. गिऱ्हाईक येतं, पाव मागतं, आपण पुडक्यात घालून द्यायचं आणि आतून येणारा वास घेत बसायचं. मागे मेहुणा मशीनवर पीठ मळत असतो आणि मशीनचा आवाज माझ्या छातीत घुमतो. मला फार वाईट वाटायचं. हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

अशा दिवसांत तुझा प्रोटीन पावडरीचा डबा आला. एवढा मोठा की पोस्टमनने तो दारात ठेवून आधी पाणी मागितलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय की या पावडरीला कसलीही चव नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट कोणी छापून मिरवत नाही. तुझ्या भावजयीने डब्याकडे पाहिलं, झाकण उघडून हुंगलं, आणि अंडी उकडायला ठेवली. त्या क्षणी आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक लांबून फोन करणारा, एक जवळून वाढणारा, आणि मध्ये तोंड उघडून बसलेला मी.

वाढणाऱ्या पक्षाचा जोर काही कमी नव्हता. सकाळी अंडी, मग भिजवलेले चणे, दुपारी वाटी वाटी डाळ, मासे मिळाले तर मासे, संध्याकाळी दाणे, रात्री दही. चणे चावून माझ्या जबड्याला जी ताकद आली आहे तिचा मळण्यासाठी उपयोग नाही, याचंच दुःख. तिचं म्हणणं एकच, की जे चावता येतं ते सोडून माणसाने पिठाचं पाणी का प्यावं.

तरी तुझा मान म्हणून मी शेक करायला घेतला. डब्यावर लिहिलं होतं, एक माप पावडर पेलाभर दुधात ढवळा आणि लगेच प्या. आता तूच सांग, इतकी वर्षं पिठात हात घातलेला माणूस कालवलेली गोष्ट लगेच तोंडाला कशी लावेल? कालवलेलं मुरावं लागतं. मी पेल्यावर ओला फडका टाकला आणि तो भट्टीच्या कट्ट्यावर, जिथे मी पाव फुगायला ठेवायचो तिथे, उबेला ठेवून झोपलो. दुपारी उठून पाहतो तर फुगणं बाजूला राहिलं, दूध नासून त्याच्या गाठी झालेल्या. तो वास घेऊन मेहुणा बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू फोनवर विचारलंस, घेतलास का, आणि मी म्हणालो, घेतला. पेला हातात घेतला होताच.

मग दुसरी गंमत. तुला माहीतच आहे, बेकरीत आलेला माल पुडक्यात राहत नाही. आला की फोडायचा आणि पिंपात ओतायचा, नाहीतर उंदरांचं फावतं. हात सवयीने चालतात. दुधाच्या पावडरीचं पिंप रिकामं दिसलं, समोर पांढऱ्या पावडरीचा डबा होता, मी ओतून मोकळा झालो. वर झाकण लावून थापही मारली.

पुढच्या आठवड्यात मेहुणा लग्नाला गेला. डॉक्टरीणबाईंची परवानगी नव्हती, पण गिऱ्हाइकांना पाव हवेत की नकोत? मी बाह्या सरसावल्या, मशीनकडे पाठ केली आणि गोड पावांचं पीठ काथवटीत हाताने मळलं, पूर्वीसारखं. आणि ताई, काय ते पाव निघाले. समोरच्या निवृत्त मास्तरांनी चहात बुडवला तर पाव तसाच राहिला आणि चहा हलला. एका बाईंनी परत आणून गल्ल्यावर ठेवला, तर टक असा आवाज झाला. मी खाली मान घालून आत गेलो. हात गेले माझे, संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात पिंप दिसलं आणि डोक्यात उजेड पडला. पिंपात तुझी पावडर. पाव माझ्या हाताने नाही, डब्याने बिघडवले होते. मी धावत (धावत म्हणजे भिंतीला धरून) जाऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "हो, डब्यामुळेच." इतक्या पटकन तिला माझं म्हणणं लग्नानंतर प्रथमच पटलं.

उरलेले पाव पहिलवानाने नेले. हा आमच्या गल्लीत व्यायामशाळा चालवतो. प्रोटीनचे पाव आहेत हे ऐकल्यावर त्याने तिथेच एक चावून खाल्ला आणि म्हणाला की लगेच दंडात फरक जाणवतोय. तेव्हापासून रोज विचारून जातो.

तर काल तपासणी झाली. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, डबा की जेवण? त्या म्हणाल्या, जेवण जात असेल तर जेवणच बरं, नसेल जात तर पावडरीला नाही म्हणू नये, शरीर काही दोघांत भांडण लावत नाही. मग म्हणाल्या, उठा. मी छातीवर हात बांधून उठलो. बसलो. परत उठलो. त्यांनी थांबवेपर्यंत उठत राहिलो. तुझी भावजय कोपऱ्यात बसून पर्समध्ये काहीतरी शोधत होती, ते तिला बराच वेळ सापडेना. भट्टी मला परत मिळाली, ताई. फक्त पोती उचलायची नाहीत, ती मेहुणा उचलेल, आणि उचलू दे. आज मी फार सुखात आहे.

निकाल तुला कळलाच असेल. तुझ्या डब्यातला एक कणही माझ्या पोटात गेला नाही, आणि मी उठलो तो डाळ, अंडी आणि चण्यांवर. राग मानू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. दुसरा डबा पाठवू नकोस. आणि फोनवर तुझ्या भावजयीला एकदा म्हण, तू जिंकलीस म्हणून. मी म्हणालो तर तिला वाटतं, मला काहीतरी हवंय.

आणखी एक. सकाळचा फोन मात्र बंद करू नकोस. शिव्या खाल्ल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. तुमची पावडर यांनी पिंपात ओतली ती मी त्याच दिवशी काढून वर घरात नेली आणि पिंपात नेहमीची दुधाची पावडर भरली. त्या पावांत दुसरं काही नव्हतं. मळता मळता यांच्या हातातला जोर संपला आणि पीठ अर्धवटच राहिलं, मी दारातून बघत होते. हे डब्याला नावं ठेवायला लागले, मी ठेवू दिली. तुमचा डबा रोज रात्री यांच्या दह्यातून गेला आणि परवा संपला. डाळीने ताकद आली की डब्याने, मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. आज यांनी काथवटीत मळलं. पाव इतके मऊ झाले की मी आत जाऊन एकटीने एक खाल्ला आणि मग तोंड धुऊन बाहेर आले. दुसरा डबा पाठवा, पण माझ्या नावाने. आणि उद्या फोनवर यांच्यासमोर मला म्हणा, तू जिंकलीस.